इमोजी कोण मोजी?

महिनाअखेरीच्या बिलातून सतरा रुपये कापले गेले आणि मला भाषाशास्त्राची गोडी लागली.

त्याआधी तेहतीस वर्षे मी अचलपुरात शाळेत इंग्रजी शिकवले. पण 'शब्द म्हणजे नेमके काय' हा प्रश्न मला कधी पडला नाही. मुलांनाही पडला नाही. तो परीक्षेत पडेल की काय, एवढीच त्यांना धास्ती. मग निवृत्त झालो आणि पहिल्या सहा महिन्यांतच माझे घरात असणे घराला जाणवू लागले. डबे कुठे ठेवावेत, भाजी कशी चिरावी याबद्दल मी मौलिक सूचना करू लागलो. शेवटी हिने पुण्याच्या भाच्याला फोनवर काय सांगितले देव जाणे, पण आठ दिवसांनी त्याचा फोन आला, "मामा, तुम्ही घरबसल्या भाषांतराची कामं का नाही करत?" त्यातला 'घरबसल्या' हा शब्द मला आवडला. हिला 'कामं' आवडला.

काम असे, की एक एजन्सी इंग्रजी मजकूर पाठवते, मी त्याचे मराठी करतो आणि मूळ इंग्रजीतल्या दर शब्दामागे एक रुपया मिळतो. शब्दाला रुपया! आयुष्यभर वर्गात मी जे शब्द उधळले त्यांचा या दराने हिशेब केला, तर परतवाड्याचा अर्धा संत्राबाजार माझ्या मालकीचा झाला असता. ही म्हणाली, "मग आता घरात जरा कमी बोलत जा. फुकट जातात."

तर त्या महिन्यात काम आले ते शेतकऱ्यांसाठी काढलेल्या एका ॲपचे. तुमची नोंदणी झाली, उद्या पाऊस येईल, विम्याचा हप्ता भरला का, दाव्याचे काय झाले, असे मोबाइलवर जाणारे छोटे छोटे निरोप. आणि त्यांत जागोजागी चित्रे. नोंदणी झाली की फटाका फुटतो, पाऊस म्हटले की छत्री उघडते, हप्त्यापाशी नोटांच्या थप्पीला पंख फुटून ती उडून जाते (हे चित्र मात्र मला अगदी यथार्थ वाटले), आणि बाकी जिथे काही सुचले नाही तिथे एक पिवळा वाटोळा चेहरा हसत असतो. माझ्या कॉम्प्युटरने शब्द सांगितले २१४०. एजन्सीने पैसे दिले २१२३ शब्दांचे.

मी फोन लावला. तिकडे कामे वाटून देणारी एक मुलगी आहे. आवाजावरून पंचविशीची, स्वभावाने गोड, आणि हिशेबाला आमच्या हिच्यापेक्षा कडक.

"सर, इमोजी आम्ही काउंट करत नाही."

"का?"

"ते ट्रान्सलेट नाही ना करायचे, सर. नुसते कॉपी करायचे. ते शब्द नाहीत."

"पण माझं मशीन त्यांना शब्द म्हणतंय."

"सर, तुमच्याकडे त्यांच्या मागेपुढे स्पेस पडली असेल."

फोन ठेवून मी प्रयोगाला बसलो आणि पोरीचे म्हणणे अक्षरशः खरे निघाले. 'नमस्कार' लिहून त्याला हसरा चेहरा चिकटवला, तर शब्द एक. मध्ये बोटभर जागा सोडली, तर शब्द दोन. म्हणजे अर्थ, भाव, व्याकरण यांच्याशी त्या मोजणीचा काडीचाही संबंध नव्हता. दोन मोकळ्या जागांच्या मध्ये जे सापडेल तो शब्द. एसटीच्या बाकावर दोन्ही बाजूंना जागा सोडून बसलेला तो माणूस आणि दाटीत बसलेले ते सामान, असे म्हणण्यासारखेच हे! तेहतीस वर्षे मी मुलांना शब्दांच्या आठ जाती पाठ करायला लावल्या. इथे एकच जात होती, मोकळ्या जागेतली.

आता तुम्ही म्हणाल, सतरा रुपयांसाठी एवढे? पण प्रश्न सतरा रुपयांचा नव्हता. (असे माणूस म्हणतो तेव्हा तो निम्मा तरी सतरा रुपयांचाच असतो, पण उरलेल्या निम्म्याबद्दल सांगतो.) लिहिणाऱ्याला मोजून पैसे द्यायची पद्धत काही आजची नाही. आपल्याकडे पोथ्या हाताने उतरवून घेत, तेव्हा लेखकाची मजुरी 'ग्रंथा'वर ठरे. ग्रंथ म्हणजे पुस्तक नव्हे, तर बत्तीस अक्षरांचे एक माप. अनुष्टुभ श्लोकाची अक्षरे बत्तीस, म्हणून गद्य असले तरी तेही बत्तीस-बत्तीस अक्षरांनी मापायचे. पोथीच्या शेवटी 'ग्रंथसंख्या अमुक' म्हणून आकडा टाकलेला असे. त्या मापात निदान लबाडीला जागा नव्हती. जागा सोडा की न सोडा, अक्षर ते अक्षर. पुष्कळशा पोथ्यांत दोन शब्दांमध्ये जागा सोडतच नसत. आजच्या यंत्राला ती पोथी दिली, तर ओळीच्या ओळीचे एकेक रुपया देऊन मोकळे होईल.

शब्द मोजून पैसे, हे आमच्या पिढीने पाहिले ते तार-ऑफिसात. तिथे मात्र उलटे. मोजणारा पैसे घेई आणि लिहिणारा देई. आमचे वडील तार लिहायला बसले की घरात सुतक असल्यासारखी शांतता पसरे. आधी मजकुरातला 'प्रिय' जाई, मग 'सप्रेम' जाई, मग एकेक करून नातेवाईक जात. 'मदर सीरियस स्टार्ट इमिजिएटली' एवढ्या चार शब्दांवर आले म्हणजे ते सुटकेचा निःश्वास टाकत, जणू आजी बरीच झाली. तार मिळाल्यावर माणूस निघे, मूर्तिजापूरला गाडी बदलून आमच्या शकुंतलेत बसे, आणि त्या गाडीचा वेग असा, की बहुतेक वेळा तो पोचेपर्यंत आजी उठून अंगणात बसलेली असे. शकुंतलाही आता बंद आहे आणि तारही. देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये संपली.

पण त्या तारेतच या पिवळ्या चेहऱ्यांचे पूर्वज होते. सणावाराच्या, लग्नकार्याच्या शुभेच्छांसाठी तारखात्याची छापील वाक्यांची एक यादी असे आणि प्रत्येक वाक्याला क्रमांक. आपण फक्त क्रमांक लिहायचा. पलीकडे अख्खे वाक्य उतरे. दोन-तीन क्रमांकांत दिवाळीही झाली आणि लग्नही. भावनांचे असे घाऊक दुकान तारखात्याने फार आधी काढले होते. फरक एवढाच, की क्रमांकाचा अर्थ यादीत ठरलेला असे. मारवाड्याच्या वहीत आणि ब्राह्मणाच्या घरात तो एकच निघे.

इमोजीचे तसे नाही. हा शब्द जपानी. 'ए' म्हणजे चित्र आणि 'मोजी' म्हणजे अक्षर. मराठीत मोजी म्हणजे जो मोजतो तो. पण नेमके आमच्याकडेच त्याला कुणी मोजीना. १९९९ साली तिकडच्या एका मोबाइल कंपनीसाठी शिगेताका कुरिता या गृहस्थांनी १७६ चित्रे काढली. बारा ठिपके लांब, बारा ठिपके रुंद. आज त्यांची संख्या साडेतीन हजारांच्या वर आहे. त्यांत सुशी आहे, पिझ्झा आहे, आइस्क्रीम तर दोन-तीन तऱ्हांचे आहे. बहिरमच्या यात्रेतला रोडगा मात्र नाही. संत्रे आहे. पण ते आमच्या बागेतले नव्हे, हे त्याचा चेहरा पाहूनच कळते. आमचे इतके गुळगुळीत नसते.

त्याच्याही आधीचा प्रकार म्हणजे टायपातल्या खुणांचा चेहरा. अपूर्णविराम, आडवी रेघ आणि शेवटी कंस. मान डावीकडे कलती करून पाहिले की हसतो. हा अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात स्कॉट फालमन या प्राध्यापकांनी १९ सप्टेंबर १९८२ रोजी सुचवला. कारण काय, तर तिथल्या संगणकी सूचनाफलकावर लिफ्टमध्ये पारा सांडल्याची कुणीतरी थट्टा केली आणि काहींना ती खरीच वाटली. तेव्हा यापुढे विनोद केला की विनोद म्हणून खूण करावी, असे ठरले. प्राध्यापकांच्या विनोदाला अशी खूण लागते हे मी स्वानुभवाने मान्य करतो. पण मराठी विनोदाचे आद्य आचार्य श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आमच्या वऱ्हाडातच वकिली करत होते. त्यांच्या 'सुदाम्याच्या पोह्यां'त एकाही वाक्यापुढे कंस हसताना दिसत नाही. वाचकाला हसू आले तर आले. नाही आले, तर लेखकाने मान कलती करून काय उपयोग?

बोलता बोलता समीक्षा सुरू झालीच आहे, तर थोडी पुढे नेतो. साहित्यप्रकार म्हणून इमोजीला मी अगदीच खालची पायरी देणार नाही. आनंदवर्धनाने नवव्या शतकात सांगून ठेवले, की काव्याचा आत्मा ध्वनी, म्हणजे शब्दांत न सांगता सुचवलेला अर्थ. त्या कसोटीवर शब्दच नसलेले हे चित्र पहिल्या नंबरात पास व्हायला हवे. पण अडचण अशी, की सुचवलेला अर्थ कळायला आधी सांगितलेला अर्थ लागतो. इथे सांगितलेले काहीच नाही. म्हणून ज्याला जे सुचेल ते त्याने सुचवून घ्यायचे. गुप्तलिपी म्हणावे तर तेही नाही. आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरच्या महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत लिहिले. परक्याला वाटे, या काय भानगडी! पण किल्ली हाती आली की प्रत्येक खुणेमागे नेमके अक्षर बसलेले. राजवाड्यांनी ती किल्ली शोधली आणि सारे मराठी घडाघडा वाचता आले. हसऱ्या चेहऱ्यामागे कुठले अक्षर बसले आहे? किल्ली शोधायला राजवाडे आले तरी हात हलवत परत जातील.

उलट्या बाजूनेही प्रयोग झालेला आहे. हर्मन मेलव्हिलची 'मॉबी डिक' ही अवाढव्य कादंबरी फ्रेड बेनन्सन नावाच्या गृहस्थांनी २०१० साली अख्खीच्या अख्खी इमोजीत करून घेतली. 'करून घेतली' म्हणतो, कारण वाक्ये इंटरनेटवरच्या हंगामी कामकऱ्यांना वाटून दिली होती. मजुरी सरासरी दर भाषांतराला पाच सेंट. मेलव्हिलचे एकेक वाक्य म्हणजे शकुंतलेचा प्रवास. कुठे थांबेल सांगता येत नाही. त्याला पाच सेंट! हे वाचल्यावर माझ्या एजन्सीविषयी मला क्षणभर आदर वाटला. २०१६ साली लंडनच्या एका भाषांतरसंस्थेने तर इमोजीचा भाषांतरकार पाहिजे म्हणून जाहिरातच दिली होती. हिला वाचून दाखवली. ही म्हणाली, "तुम्हाला माझ्या चेहऱ्यावरचं कळत नाही चाळीस वर्षांत."

एजन्सीशी माझा पत्रव्यवहार चालूच होता. ऑक्सफर्डच्या कोशवाल्यांनी २०१५ सालचा 'वर्षाचा शब्द' म्हणून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारा चेहरा निवडला होता, हा पुरावा मी सादर केला. ऑक्सफर्ड ज्याला शब्द म्हणते त्याला आपण नाही म्हणणारे कोण? उत्तर आले, "सर, ऑक्सफर्ड आपले क्लायंट नाहीत."

(हा लेख लिहितानाही तीच गत आहे, पाहा. छापखान्याच्या सोयीसाठी प्रत्येक चेहऱ्याचे मला शब्दांत वर्णन करावे लागते आहे. 'डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारा चेहरा', पाच शब्द. तेव्हा 'नुसते कॉपी करायचे' असते, हे त्या मुलीने मला समोर बसून सांगावे.)

मग मी तांत्रिक बाजूने गेलो. भाच्याला विचारून घेतले. तो म्हणाला, "मामा, कॉम्प्युटरच्या पोटात शब्दही नसतो आणि अक्षरही नसतं. तिथे नुसते तुकडे असतात." आई, बाप, मुलगी, मुलगा असे चौकोनी कुटुंबाचे एक चित्र आहे. ते दिसते एक. पोटात तुकडे सात. चार माणसे आणि त्यांना जोडणारे तीन अदृश्य दुवे. मी म्हटले, बरोबर आहे, कुटुंब दुव्यांवरच चालते. पण मग त्याने आपला 'स्त्री' हा शब्द फोडून दाखवला. तुकडे सहा! म्हणजे एक स्त्री आणि एक अख्खे कुटुंब यांत यंत्राच्या लेखी फक्त एका तुकड्याचा फरक. हिला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "यंत्राला कळतं म्हणायचं." आणि गंमत पुढेच आहे. तो जो कुटुंबाला जोडणारा अदृश्य दुवा, तो या चित्रांसाठी काही केलेला नव्हता. तो आधीपासून आपल्यासारख्या लिप्यांच्या जोडाक्षरांसाठी होता. 'वऱ्हाड' लिहिताना 'ह'च्या डोक्यापाशी जो पापणीसारखा अर्धा 'र' येतो ना, तो उमटवायला जुन्या पद्धतीत हाच दुवा घालत. जगभरच्या पिवळ्या कुटुंबांना वऱ्हाडाच्या र-काराने धरून ठेवले आहे, हे कळल्यावर माझी छाती दोन इंच फुगली. इतर ठिकाणी मात्र अपमानच. साध्या एसएमएसात इंग्रजी अक्षरे मावतात १६०. त्यात एक हसरा चेहरा टाका, की मर्यादा धाडकन ७० वर येते. आणि देवनागरीला? पहिल्यापासूनच ७०. म्हणजे यंत्राच्या दृष्टीने आपण सगळे मराठी लोक जन्मतःच इमोजी.

हे सारे ज्ञान मी सतरा रुपये परत मिळवण्यासाठी जमवत होतो. तेवढ्यात आबाजी आले.

आबाजी आमचे शेजारी. ऐंशीच्या घरातले. गावाबाहेर त्यांची तीन एकर संत्र्याची बाग आहे. डोळे अधू झाल्यापासून नातवाने त्यांच्या फोनमध्ये वाचून दाखवायची सोय करून दिली आहे. आलेला निरोप फोनमधली बाई मोठ्याने वाचते. ती चित्रेही वाचते. कुणी शुभ सकाळ म्हणून अकरा वेळा हात जोडले, तर 'जोडलेले हात, जोडलेले हात' असा अकरा वेळा जप होतो आणि आबाजी तो संपेपर्यंत अदबीने थांबतात. भाषांतर झाले की शेतकऱ्याला कळते का ते पाहावे म्हणून मी दोन-चार वाक्ये आबाजींना पाठवत असतो. त्या दिवशीही पाठवली होती. सांगायचे मात्र राहून गेले.

दुपारी अडीचला उन्हातून ते घरी आले. ओट्यावर बसले. पाणी दिले, ते तसेच हातात धरून ठेवले.

"आलं बा ते, मास्तर."

"काय आलं, आबाजी?"

"इम्याचं. नाही म्हनते."

त्यांनी फोन पुढे केला आणि बटण दाबले. फोनमधली बाई स्वच्छ, कोरड्या आवाजात वाचू लागली. शब्द माझे होते. 'तुमचा दावा या वेळी मंजूर होऊ शकलेला नाही.' क्षणभर थांबली. मग त्याच आवाजात म्हणाली, 'हसरा चेहरा.'

"हासून काऊन राह्यला हा?" आबाजींनी विचारले. रागाने नव्हे. खरोखर कळावे म्हणून.

त्या वर्षी आंबिया बहाराची फळे गळून बागेत सडा पडला होता. आबाजींनी खराच दावा टाकलेला होता आणि त्याचे खरे उत्तर अजून यायचे होते. मी घाईघाईने सांगितले, आबाजी, हे तुमचे नव्हे, हे माझ्या कामाचे, नुसते नमुन्याचे आहे. दोनदा सांगितले. त्यांनी मग पाणी प्यायले. पेला खाली ठेवून म्हणाले, "बरं झालं. पन मास्तर, ज्याले खरं येईन, त्याले बी हा हासनच ना?"

मी उत्तर दिले नाही. हिने आतून चहा आणला.

कुणा शहरातल्या बऱ्या मनाच्या इंग्रजी लेखकाने तो चेहरा तिथे ठेवला असणार. नकार जरा मऊ व्हावा, एवढाच त्याचा हेतू. इंग्रजीत नकार देताना हसायची रीत आहे. बँकेत, विमानात, सगळीकडे हसून नाही म्हणतात. आमच्याकडे नाही म्हणताना माणूस खाली पाहतो. मग या चेहऱ्याचे मराठी काय? रात्री पाटी-पेन्सिल घेतल्यासारखा बसलो. 'वाईट वाटून घेऊ नका' लिहिले. ते दुखवट्याला गेल्यासारखे वाटले. 'पुन्हा प्रयत्न करा' लिहिले. ते नापास मुलाच्या प्रगतिपुस्तकावरचे, मी स्वतः शेकडो वेळा लिहिलेले. 'आमचा नाइलाज आहे' हे खरे होते, पण कंपनीच्या तोंडी शोभणारे नव्हते. तास-सव्वा तासाने लिहिले, 'नाराज होऊ नये, ही विनंती.' चेहरा काढून टाकला. सकाळी आबाजींना, आधी नीट सांगून, ऐकवले. त्यांनी मान हलवली. "हं. हे मानसानं लिहेल वाटते."

आता इथे एक कबुली द्यायला हवी, नाहीतर आबाजींपुढे बसायची सोय राहणार नाही. त्याच रात्री मी त्या इंग्रजी मजकुरातला 'द' मोजला. 'द' म्हणजे इंग्रजांचे ते नावाआधी लावायचे शेपूट. तो १३१ वेळा होता. मराठीत त्याचे भाषांतर काय? काही नाही. दिसला की गाळायचा. म्हणजे या एका कामात काहीही न करता मी 'द'चे १३१ रुपये खाल्ले होते, आणि असे दोन वर्षे खात होतो. 'फ्रॉम द हाउस'चे तीन रुपये घेऊन 'घरातून' असा एकच शब्द टेकवत होतो. तेव्हा मला भाषाशास्त्र आठवले नव्हते. तेव्हा मी एजन्सीला ऑक्सफर्डचे दाखले पाठवले नव्हते. ज्याला सव्वा तास लागला त्याचे शून्य आणि ज्याला निमिषही लागले नाही त्याचे १३१. यात फक्त शून्यावरच माझा आक्षेप होता.

काम पाठवले आणि तिसऱ्या दिवशी ते तपासून परत आले. एकाच वाक्यात दोन चुका दाखवल्या होत्या. 'मुळातला इमोजी गाळला' ही एक, आणि 'मुळात नसलेला मजकूर घातला' ही दुसरी. मी फोन केला आणि त्या मुलीला आबाजींची हकीकत सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "सर, माझ्या आजोबांची पण बाग आहे. सांगोल्याला. डाळिंबाची." आणि मग पुन्हा एजन्सीच्या आवाजात, "पण क्लायंटला तिथे काहीतरी चित्र हवंच आहे, सर. जोडलेले हात चालतील का?"

मला ही तोड बरी वाटली. हात जोडून नाही म्हणणे आपल्यात बसते. आबाजींकडे गेलो. बाईने वाचले, 'तुमचा दावा या वेळी मंजूर होऊ शकलेला नाही. जोडलेले हात.'

आबाजी दचकले. "कोन गेलं?"

खरेच होते ते. गावच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर रोज सकाळी भावपूर्ण श्रद्धांजलीखाली हेच हात असतात. ही हकीकतही पुण्याला कळवली. क्लायंटकडे चार दिवस खल झाला आणि अखेर परवानगी मिळाली. त्या एका निरोपात, मराठीपुरते, चित्र नाही. माझे वाक्य राहील. कन्नड आणि तेलुगूत चेहरा हसतोच आहे. तिकडच्या भाषांतरकारांना शेजारी आहेत की नाहीत, कोण जाणे.

उरला हिशेब. सतरा रुपयांवर मी पाणी सोडले. 'द'च्या पुढे ते मागायला तोंड नव्हते. पण 'नाराज होऊ नये, ही विनंती' हे पाच शब्द मुळात नव्हते, ते सर्वस्वी माझे, तेव्हा त्यांचे पाच रुपये धरावेत, असे मी सविस्तर, मुद्देसूद, १२४ शब्दांचे पत्र लिहून कळवले. दोन मिनिटांत उत्तर आले. उत्तरात एकही शब्द नव्हता. नुसता एक पिवळा, ताठ उभा अंगठा.

मी हिला म्हटले, "बघ, मंजूर झालं."

ही चष्मा लावून बराच वेळ त्या अंगठ्याकडे बघत राहिली. "मंजूर झालं, की अंगठा दाखवला?"

तिला म्हटले, अगं, ही इंग्रजी खूण आहे, तिचा अर्थ ठरलेला आहे. महिनाअखेरीस बिल आले. २१२३ रुपये, वर काही नाही. अंगठा मराठी होता.